शाळेचा दिवस आणि स्वमग्न मूल

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता असून ती जन्मापासून असते आणि आयुष्यभर राहते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदान-नियमावलीत तिची लक्षणे दोन गटांत मांडली आहेत. पहिला गट सामाजिक देवाणघेवाणीतील अडचणींचा, म्हणजे नजर, हावभाव, संभाषण आणि मैत्री यांचा आहे. दुसऱ्या गटात एकच कृती वा हालचाल पुन्हा पुन्हा करणे, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयाची विलक्षण ओढ आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद यांचा समावेश होतो. ही लक्षणे प्रत्येकात वेगवेगळ्या प्रमाणात असल्यामुळे तज्ज्ञ ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द वापरतात. कारण एक स्वमग्न मूल दहावीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवते, तर दुसरे सात वर्षांचे झाले तरी एकही शब्द बोलत नाही, आणि तरीही दोघांचे निदान एकच असते. काही मुलांमध्ये स्वमग्नतेच्या जोडीला बौद्धिक अक्षमता किंवा अपस्मारही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती, तेव्हा कोणत्याही मध्यम आकाराच्या शाळेत अशी काही मुले असणारच, मग त्यांचे निदान झालेले असो वा नसो.

बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदींवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून स्वमग्नतेचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. पुढची दोन-तीन दशके मात्र आईच्या मायेतील कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, असा समज पाश्चात्त्य मानसोपचारात रूढ राहिला आणि त्याने असंख्य मातांना विनाकारण अपराधी ठरवले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली या मताला सविस्तर आव्हान दिले, आणि १९७७ साली सुसान फोलस्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. गोवर-गालगुंड-रुबेला या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ सालचा शोधनिबंधही ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. विज्ञानाने आईवरचा हा दोषारोप निकाली काढला असला, तरी घरोघरी तो अजून जिवंत आहे. आई नोकरी करते, घरात आजी-आजोबा नाहीत, मूल मोबाइलला चिकटलेले असते, अशी कारणे आप्तेष्ट सहज सांगून जातात आणि ज्या स्त्रीला त्या वेळी सर्वाधिक आधाराची गरज असते, तिच्याच माथी खापर फोडले जाते. मदतीची सुरुवात करायची असेल, तर ती हे बोलणे थांबवण्यापासून करावी लागेल.

स्वमग्नतेची चाहूल बहुधा दुसऱ्या वर्षात लागते. आईने चांदोबाकडे बोट दाखवले की सर्वसाधारण मूल त्या बोटाच्या दिशेने पाहते, पुन्हा आईकडे पाहते आणि काही काळाने स्वतः बोट दाखवून तिला काऊ-चिऊ दाखवू लागते. एकाच वस्तूकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याच्या या क्रियेला संयुक्त अवधान म्हणतात आणि भाषेचा पाया त्यातूनच घातला जातो. स्वमग्न मुलात ही क्रिया उशिरा किंवा तुरळक दिसते. हाक मारल्यावर ते वळत नाही, आणि हवी ती वस्तू दाखवण्याऐवजी मोठ्या माणसाचे मनगट धरून त्याला फडताळापाशी ओढत नेते. अशा वेळी ‘मुलगे उशिराच बोलतात’ किंवा ‘याचे काकाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’ अशा समजुतींवर विसंबून दोन-तीन वर्षे निघून जातात. मुलींच्या बाबतीत तर हा काळ आणखी लांबतो, कारण अनेक मुली इतरांचे वागणे बारकाईने पाहून त्याची नक्कल करतात, आपली अडचण झाकून नेतात आणि ‘लाजाळू’ या एका शब्दात त्यांची बोळवण होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत मुलांची तपासणी केली जाते आणि शंका आल्यास त्यांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे. निदानावर शिक्का उमटण्याची वाट न पाहता मुलाशी संवादाचे काम सुरू करता येते आणि ते करावेच.

शाळेचा दिवस स्वमग्न मुलाला कसा भासतो, याची कल्पना करायची तर परिपाठापासूनच सुरुवात करावी लागते. ध्वनिक्षेपकातून येणारी कर्कश प्रार्थना, शेकडो मुलांची रांग, मागच्या मुलाचा खांद्यावर पडणारा हात, मानेला घासणारे गणवेशाच्या कॉलरमागचे लेबल, कोपऱ्यातील स्वयंपाकघरातून येणारा खिचडीच्या फोडणीचा वास, या साऱ्या गोष्टी इतर मुलांच्या जाणिवेच्या कडेला राहतात. स्वमग्न मुलाच्या मेंदूत मात्र त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच तीव्रतेने दाखल होऊ शकतात. तासाची घंटा वाजताच कानांवर हात दाबून धरणारे मूल नाटक करीत नसते, कारण तो आवाज त्याला खरोखर वेदना देतो. याउलट काही मुलांना संवेदना कमी जाणवतात. गुडघा फुटला तरी ती रडत नाहीत, किंवा गोल फिरणे, उड्या मारणे, भिंतीला पाठ घासणे अशा कृतींतून संवेदना शोधत राहतात. हात फडफडवणे किंवा शरीर डोलवणे, ज्याला स्टिमिंग म्हणतात, हा मुलाचा स्वतःला सावरण्याचा उपाय असतो आणि त्यातून कोणाला इजा होत नसेल, तर तो थांबवण्याचे काहीच कारण नाही.

यावरचे उपाय बहुतेक वेळा खर्चिक नसतात. लेबल कापून टाकता येते. परिपाठाच्या रांगेत मुलाला ध्वनिक्षेपकापासून दूर, शेवटच्या टोकाला उभे करता येते. घंटा होण्याआधी शिक्षिकेला त्याला खूण करता येते. कानांवर लावायचा आवाजरोधक हेडफोन वापरण्याची परवानगी देता येते. आणि खिडकीजवळच्या बाकाऐवजी भिंतीलगतचा बाक देता येतो. ‘मला बाहेर जायचे आहे’ असे लिहिलेले एक कार्ड मुलाजवळ ठेवावे आणि ते दाखवताच त्याला पाच मिनिटे ग्रंथालयात किंवा एखाद्या शांत खोलीत बसू द्यावे. पहिल्या काही दिवसांत मूल हे कार्ड वारंवार दाखवेल आणि शिक्षकांना तो गैरफायदा वाटेल. तरीही ते काढून घेऊ नये, कारण सुटकेचा मार्ग हाती आहे याची खात्री पटली की वर्गात बसणे त्याला हळूहळू सोपे जाते.

संवेदनांच्या गोंधळाइतकाच त्रास अनिश्चिततेचा असतो. स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक असले तर ते बरेच काही निभावून नेते, पण गणिताच्या तासाला अचानक बदली शिक्षक आले, मैदानावरचा तास पावसामुळे रद्द झाला किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी अर्धा दिवस वेळापत्रकच मोडले, की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘टीच’ या पद्धतीचा गाभा या निरीक्षणावर उभा आहे. बोललेला शब्द हवेत विरून जातो, तर चित्र आणि लिखित खूण समोर राहते. म्हणून दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीने मुलाच्या बाकावर लावावा, झालेले काम काढून टाकावे किंवा उलटे करावे, आणि बदल होणार असेल तर त्या जागी बदलाचे ठरलेले चित्र आधीच लावावे, असे ही पद्धत सांगते. ही पट्टी पुठ्ठ्यावर, घरच्या घरी काढलेल्या छायाचित्रांतून तयार होते. जून महिन्यात शाळा सुरू होण्यापूर्वी मुलाला रिकामा वर्ग, त्याचा बाक, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह दाखवून आणणे हाही याच तत्त्वाचा विस्तार आहे.

शिक्षकांच्या भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘सगळ्यांनी वह्या काढा’ ही सूचना ऐकून वही न काढणारे मूल उद्धट नसते. ‘सगळे’ या शब्दात आपणही येतो, हे त्याच्या लक्षात आलेले नसते आणि त्याचे नाव घेऊन तेच सांगितले की ते लगेच वही काढते. मराठी बोलण्यातील वाक्प्रचार, उपरोध आणि रागाने विचारलेले प्रश्न त्याला शब्दशः कळतात. ‘वर्गाबाहेर जायचंय का तुला?’ असे संतापलेल्या शिक्षकाने विचारले आणि मुलाने शांतपणे ‘हो’ म्हणून दप्तर उचलले, तर तो अपमान मानला जातो आणि शिक्षा होते. वास्तविक त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिलेले असते. ‘जरा थांब’ यापेक्षा ‘दोन गणिते झाली की पाणी प्यायला जा’ हे वाक्य त्याला उपयोगी पडते, कारण त्यात ‘जरा’ किती, हे स्पष्ट असते. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती दिल्यावर काही क्षण थांबावे आणि उत्तर आले नाही म्हणून लगेच दुसऱ्या शब्दांत तीच सूचना देऊ नये, कारण मुलाला मग दोन सूचनांचा अर्थ लावावा लागतो.

पुष्कळ स्वमग्न मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत उच्चारतात. याला इकोलालिया म्हणतात. ‘तुला पाणी हवंय?’ असे आईने रोज विचारल्यामुळे तहान लागल्यावर मूलही ‘तुला पाणी हवंय?’ असेच म्हणते, आणि एखाद्या जाहिरातीतील वाक्य अवघड प्रसंगी पुन्हा पुन्हा बोलून दाखवते. एकेकाळी हे निरर्थक पोपटपंची म्हणून बंद पाडले जाई. १९८०च्या दशकात बॅरी प्रिझंट यांच्या संशोधनाने दाखवून दिले की या पुनरुच्चारात मागणी, होकार, भीती, स्वतःला धीर देणे असे निरनिराळे हेतू असतात. घरातल्यांनी त्या वाक्यामागचा हेतू ओळखून ‘मला पाणी हवंय’ हे वाक्य मुलाच्या बाजूने म्हणून दाखवावे. प्रश्नाचा सूर वापरला की मूल तो सूरही उचलते, याचे भान ठेवावे. जे मूल बोलतच नाही, त्याच्यासाठी चित्रकार्डे, खुणा किंवा बोलणारे अ‍ॅप यांचा आधार घेता येतो आणि या साऱ्याला वर्धित व पर्यायी संवाद म्हणतात. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप याच प्रकारचे असून ते मराठीतही वापरता येते. अशी साधने दिल्याने मूल बोलायचे सोडून देईल ही भीती अनाठायी आहे. उपलब्ध संशोधनात तसे आढळलेले नाही, उलट काही मुलांचे बोलणे त्यामुळे वाढलेले दिसले आहे.

भाषेच्या संदर्भात महाराष्ट्रातील कुटुंबांवर एक अन्याय सर्रास होतो, आणि तो सल्ल्याच्या रूपाने होतो. मुलाचा गोंधळ होऊ नये म्हणून घरात फक्त इंग्रजीच बोला, असे इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आणि कधीकधी उपचारकांकडूनही सांगितले जाते. मग ज्यांना स्वतःलाच त्या भाषेत मोकळे बोलता येत नाही, असे आईवडील आणि आजी-आजोबा मुलाशी मोजक्या तुटक वाक्यांत बोलू लागतात. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलाचा भाषाविकास खुंटतो, याला संशोधनाचा आधार नाही. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, चुलत भावंडे भांडतात आणि वाणी सुट्टे पैसे मोजून देतो, ती भाषा मुलापासून काढून घेणे म्हणजे आधीच अवघड असलेले माणसांचे जग त्याच्यासाठी आणखी आक्रसून टाकणे होय.

ताण असह्य झाला की मुलाचा स्वतःवरील ताबा सुटतो. ते किंचाळते, जमिनीवर लोळते, स्वतःला चावते किंवा समोरच्याला मारते. या अवस्थेला मेल्टडाउन म्हणतात आणि हट्टापेक्षा ती वेगळी असते. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते आहे का याचा अंदाज घेते आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबते, तर मेल्टडाउनमधील मुलाला काही मिळवायचे नसते. त्या वेळी रागावणे, समजूत घालणे, प्रश्न विचारणे हे सारे व्यर्थ असते; दिवा-पंख्याचा त्रास कमी करावा, गर्दी दूर करावी, इजा होणार नाही एवढे पाहावे आणि थांबावे. खरे काम त्यानंतरचे असते, कारण प्रत्येक प्रसंगाआधी काय घडले, याची चार-सहा आठवडे साधी नोंद ठेवली, तर कारण बहुधा सापडते: भुकेची वेळ, एखादा ठरावीक वास, मधल्या सुट्टीतील चिडवणे, न कळलेला बदल.

चिडवण्याचा मुद्दा वेगळा मांडायला हवा. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, यांनी २०१२ साली ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ ही कल्पना मांडली. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही असे म्हटले जाते, पण इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन तितकेच कळत नाही, आणि समजून घेण्याचा सगळा भार मात्र एकाच बाजूवर टाकला जातो, असे त्यांचे म्हणणे आहे. वर्गाच्या संदर्भात याचा अर्थ असा की मुलाला ‘मिसळायला’ शिकवताना इतर मुलांनाही त्याच्याशी बोलायला शिकवावे लागते. पालकांच्या आणि शक्य तेथे मुलाच्याही संमतीने वर्गाला स्वमग्नतेविषयी मोकळेपणाने सांगितले, दोन समंजस सोबती नेमले आणि मुलाच्या आवडीला वर्गात स्थान दिले, तर बरेच साधते. मुंबईच्या लोकलची सगळी स्थानके क्रमाने पाठ असलेल्या मुलाला बेरीज-वजाबाकी स्थानकांमधील अंतरांतून शिकवता येते, नकाशा त्याच्याकडून भरून घेता येतो आणि एका तासापुरते ते मूल वर्गाचे जाणकार ठरते.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. १९९५ सालच्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ती समाविष्ट झाली. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्यांच्या गरजेनुसार सोयी कराव्यात आणि अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य ते बदल व्हावेत, अशी तरतूद त्यात आहे, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी स्वमग्नतेच्या मूल्यांकनाचे ४० मुद्द्यांचे भारतीय मापन वापरले जाते. परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ यांसारख्या सवलती मिळतात, मात्र त्यांची कागदपत्रे दहावीच्या ऐन परीक्षेपूर्वी जमवू लागल्यास धावपळ होते, म्हणून ती नववीतच हाताशी ठेवणे हिताचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या निर्देशानंतर केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. प्रत्यक्षात एकच विशेष शिक्षक अनेक शाळांमधून फिरत राहतो आणि खासगी शाळा ‘शॅडो टीचर’चा, म्हणजे मुलासोबत दिवसभर बसणाऱ्या मदतनिसाचा, खर्च पालकांवर टाकतात. शिक्षकांनी सहृदय असावे एवढी अपेक्षा पुरेशी नाही. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेला हे सारे जमणार नाही आणि तिला दोष देऊन शासनाला आपली जबाबदारी टाळता येणार नाही.

घरी मुलाला सर्वांत जास्त उपयोगी पडते ते शाळेच्या पुस्तकात नसते. आंघोळ, कपडे घालणे, ताट वाढून घेणे, रस्ता ओलांडणे, पैसे मोजणे, अनोळखी स्पर्शाला ठामपणे नकार देणे, मुलींना मासिक पाळीत स्वतःची काळजी घेणे, ही कौशल्ये छोट्या पायऱ्यांत विभागून, चित्रांच्या मदतीने आणि महिनोन्‌महिने सराव करून येतात. जेवणाच्या बाबतीत बळजबरी टाळावी, कारण भाजीतील गिळगिळीत फोड किंवा आमटीतील कढीपत्ता काही मुलांना खरोखरच गिळवत नाही. गणपतीत ढोल-ताशांपासून दूर, दुपारच्या निवांत वेळी आरास दाखवून आणली, तर सण मुलाचाही होतो. आईच्या विश्रांतीचा विचार मात्र बहुतेक घरांत कोणीच करत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाला सांभाळणारा काका किंवा शेजारीण ही त्या कुटुंबासाठी फार मोठी मदत ठरते.

हतबल पालकांना लुटणारा एक बाजारही उभा राहिला आहे. मूळ पेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, उपचारांनी स्वमग्नता बरी होते, असे सांगून लाखो रुपये घेतले जातात. वास्तविक भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा उपचारांना स्वमग्नतेसाठी मान्यता नाही आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळानेही त्यांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. ठरावीक मुदतीत मूल ‘नॉर्मल’ करून देण्याची हमी देणाऱ्या कोणत्याही केंद्रात पालकांनी पाऊल टाकू नये.

शाळेने प्रवेश नाकारला, तर पालकांनी तोंडी उत्तर घेऊन परतू नये. नकार कारणासह लेखी मागावा. प्राथमिक शिक्षणाच्या वयात प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्यानेच मनाई आहे, हे शाळेच्या नजरेस आणून द्यावे. आणि तरीही दार बंद राहिले, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुण्यातील दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार नोंदवावी, कारण हा प्रवेश मुलाचा हक्क आहे.